अभियोक्त्याच्या बाकावरून बचावाच्या बाकावर

मद्यप्राशन करून वाहन चालवल्याच्या खटल्यात आरोपीतर्फे उभा राहणारा वकील काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याच प्रकारच्या खटल्यांत सरकारतर्फे उभा राहत होता, असे जेव्हा दिसते, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात प्रथम नाराजी उमटते. कारण ज्याने उमेदीची वर्षे शिक्षा व्हावी म्हणून खर्ची घातली, त्याने मुदत संपल्यावर किंवा निवृत्तीनंतर सुटका व्हावी म्हणून तेच कसब वापरावे, ही गोष्ट निष्ठेच्या रूढ कल्पनेत बसत नाही. ही नाराजी समजण्यासारखी असली, तरी ती भलत्याच ठिकाणी बोट ठेवते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. असा वकील आपल्याबरोबर जे ज्ञान घेऊन जातो ते गुपित नसते. पोलिसांचे कागद कोठे कच्चे राहतात, रक्ताचा नमुना कोणत्या टप्प्यावर संशयास्पद ठरतो आणि वेळेच्या नोंदी एकमेकींशी कोठे जुळत नाहीत, एवढेच ते ज्ञान असते आणि ते त्याला सरकारी बाकावर बसूनच मिळालेले असते. तेव्हा खरा प्रश्न असा की, जे त्याला दिसत होते ते वेळीच दुरुस्त करून घेण्याचा अधिकार त्या बाकावर त्याला का नव्हता.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात ज्यांना सरसकट सरकारी वकील म्हटले जाते ती माणसे दोन वेगळ्या वाटांनी आलेली असतात. सत्र न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा सरकारी अभियोक्ता हा साधारणतः किमान सात वर्षे वकिली केलेल्यांतून ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो आणि मुदत संपली की पुन्हा खाजगी वकिलीकडे वळतो. म्हणजे त्याच्या बाबतीत बाजू बदलणे हे व्यवस्थेनेच गृहीत धरलेले आहे. याउलट न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात, जेथे मद्यधुंद वाहनचालनाचे बहुतेक खटले चालतात, तेथील सहायक सरकारी अभियोक्ता हा पगारी शासकीय अधिकारी असतो आणि नोकरीत असेतो त्याला खाजगी वकीलपत्र घेता येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपूर्वी हे काम पोलीस खात्यातील अभियोक्ते करीत असत, आणि संहिता आल्यानंतरही त्यांच्यावर पोलीस खात्याचीच छाया राहिली होती. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला आदेश दिला, की सहायक अभियोक्त्यांचा संवर्ग पोलिसांपासून वेगळा करून त्यांचे स्वतंत्र खाते उभारावे. या विलगीकरणाने अभियोक्ता पोलिसांच्या हुकमतीतून सुटला हे मोठेच काम झाले, मात्र त्याच वेळी तो तपासाच्या खोलीतूनही बाहेर पडला आणि तयार होऊन आलेले दोषारोपपत्र न्यायालयात वाचून दाखवणे हेच त्याचे काम होऊन बसण्याचा धोका निर्माण झाला. बाजू बदलण्याची परंपरा नागपूरला नवी नाही. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला १९४२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात सरकारी वकील व १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, ते त्याआधी याच न्यायालयातले खाजगी वकील होते, आणि त्यात कोणाला वावगे वाटल्याचे दिसत नाही.

अमेरिकेत मद्यधुंद वाहनचालकांचा बचाव ही वकिलीची स्वतंत्र शाखा बनली आहे आणि तिच्यातील कित्येक नामवंत हे माजी अभियोक्ते आहेत. लॉस एंजेलिसमध्ये अभियोक्ता म्हणून काम केलेले लॉरेन्स टेलर यांनी तर या बचावावरच पाठ्यग्रंथ लिहिला. तेथे १९७७ च्या बेट्स खटल्याने वकिलांना जाहिरात करण्याची मोकळीक मिळाल्यापासून 'माजी अभियोक्ता' ही बिरुदावली ग्राहक मिळवण्याचे साधन झाली. भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम जाहिरात करून पक्षकार मिळवण्यास मनाई करतात, त्यामुळे नागपुरात हे वैशिष्ट्य पाटीवर लिहिले जात नाही. कोर्टाच्या आवारात एकाकडून दुसऱ्याकडे ते कळत जाते. शिवाय येथे केवळ या एका गुन्ह्यावर कोणाची वकिली चालणे कठीण आहे, कारण नाकाबंदीत सापडलेला बहुतेक चालक गुन्हा कबूल करून दंड भरतो आणि मोकळा होतो. हा गुन्हा वाहतूक पोलिसांकडे रस्त्यावर तडजोड शुल्क भरून मिटवता येत नाही, त्यासाठी न्यायालयातच जावे लागते, एवढाच काय तो त्याचा वेगळेपणा. वकिलाची खरी गरज भासते ती परवान्यावर पोट असलेल्या चालकाला, ज्याच्या नोकरीवर दोषसिद्धीने गदा येते त्या कर्मचाऱ्याला, आणि सर्वांत जास्त, ज्याच्या गाडीखाली माणूस मेला आहे अशा आरोपीला.

या बचावाची भूमी समजण्यासाठी कायद्याची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढच्या गुन्ह्याला कैदेची मर्यादा दोन वर्षांपर्यंत आणि दंडाची पंधरा हजारांपर्यंत जाते. १९९४ च्या दुरुस्तीने हे प्रमाण श्वासविश्लेषकाच्या, म्हणजे फुंकर मारून घ्यायच्या यंत्राच्या, चाचणीत आढळले पाहिजे अशी शब्दयोजना केली होती, आणि म्हणून केवळ रक्ताचा अहवाल असलेल्या खटल्यांत पंचवीस वर्षे बचाव पक्षाला एक आयता मुद्दा मिळत राहिला. प्रयोगशाळेतील चाचणीचा स्पष्ट उल्लेख कायद्यात आला तो २०१९ मध्येच. कलम २०२ प्रमाणे या गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकाकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्याला कोठडीतून सोडावे लागते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे: कायदा अशा वेळी कोठडीतून मुक्तता सांगतो, खटल्यातून नव्हे, परंतु दोन तास उलटून गेले म्हणजे सारा खटलाच संपला, असे चित्र बचाव पक्ष अनेकदा उभे करतो आणि त्याला उत्तर देण्याइतकी तयारी सरकारी बाकावर दर वेळी असतेच असे नाही. कलम २०३ मधील श्वासचाचणीचे यंत्र केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारचे असावे लागते, आणि सबळ कारणाशिवाय चाचणी नाकारणे ही आरोपीविरुद्ध जाणारी परिस्थिती मानता येते, असे कलम २०५ सांगते.

महाराष्ट्रात याला दारूबंदी कायद्याची जोड आहे. १९४९ च्या या कायद्याच्या कलम ६६ मध्ये रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, या पातळीपासून गृहीतक सुरू होते. म्हणजे ४० मिलिग्रॅम आढळलेला चालक एका कायद्याखाली दोषी आणि दुसऱ्या कायद्याच्या गृहीतकाबाहेर, अशी स्थिती संभवते. नागपूरच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीखाली आहे, चंद्रपूरची बंदी २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे चालली. अशा जिल्ह्यांच्या जवळ असलेल्या नागपुरात पिणे कायदेशीर आणि परत गाडी चालवत जाणे बेकायदेशीर, हा भूगोलच या गुन्ह्याला पोसतो. बंदी घालताना लोकांच्या प्रकृतीचा आणि संसाराचा विचार झाला, तो योग्यच होता; रात्री सीमा ओलांडून परतणाऱ्या दुचाकीचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला.

मद्यार्काचे मोजमाप हे काळाशी बांधलेले आहे, आणि या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत रक्तातील मद्यार्काचे गणित बसवले. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या पोलीस दलातून आलेल्या रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये ब्रेथलायझर हे यंत्र घडवले. श्वासावरून रक्ताचा अंदाज करताना साधारणतः २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो तेवढाच एक मिलिलिटर रक्तात असतो, असे धरले जाते. हे सरासरीचे गुणोत्तर आहे, प्रत्येक माणसाला ते तंतोतंत लागू पडत नाही, आणि नुकताच घोट घेतलेला असल्यास तोंडात राहिलेल्या मद्यार्काने आकडा फुगतो, म्हणून चाचणीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे थांबणे आवश्यक असते. उलट दिशेने, शरीर तासाला, दर १०० मिलिलिटर रक्तामागे, सरासरी १५ मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क निकालात काढीत असते. अपघाताच्या क्षणी ज्याच्या रक्तात ११० मिलिग्रॅम मद्यार्क होता, त्याचे रक्त सहा तासांनी घेतले तर अहवालात २० च्या आसपास आकडा येईल आणि कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट-चौपट प्यायलेला माणूस कागदोपत्री शुद्ध ठरेल. मागे मोजत जाऊन मूळ आकडा काढता येतो, परंतु त्यासाठी तज्ज्ञाची साक्ष लागते, शेवटचा पेला केव्हा घेतला ते ठाऊक असावे लागते आणि वेळांच्या नोंदी पक्क्या असाव्या लागतात. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. सरकारी नोंदींत त्या वर्षीच्या सुमारे ७२ टक्के अपघातांचे कारण अतिवेग आहे आणि मद्यसेवनाचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे. ज्या अपघातांत पहिल्या काही तासांत रक्तच घेतले गेले नाही ते मद्याच्या रकान्यात येणार कसे, हे लक्षात घेतले म्हणजे या लहान आकड्यावर विसंबून राहता येत नाही.

रक्ताच्या नमुन्याची हाताळणी कशी व्हावी हे १९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांनी बारकाईने सांगितले आहे. शिरेतून रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होता कामा नये, म्हणजे एरवी इंजेक्शनपूर्वी फिरवला जाणारा स्पिरिटचा बोळा येथे वर्ज्य आहे. रक्त ज्या कुपीत भरायचे तिच्यात ते गोठू नये आणि नासू नये यासाठीची द्रव्ये आधीच घातलेली असावीत, कुपी हलवून ती रक्तात मिसळावीत, मग लेबल, सही आणि मोहोर. रात्री दोन वाजता नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या शासकीय रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात, एकीकडे जखमी विव्हळत असताना दुसरीकडे हे सारे विधिवत करणाऱ्या निवासी डॉक्टरवर आणि कुपी घेऊन जाणाऱ्या शिपायावर सबंध खटला उभा असतो, याची जाणीव त्या दोघांना फार क्वचित करून दिली जाते. कुपी कोणत्या कपाटात राहिली, शीतपेटीत होती की टेबलावर, कोणत्या क्रमांकाने नोंदली आणि प्रयोगशाळेत पोचली तेव्हा मोहोर शाबूत होती काय, या प्रश्नांची उत्तरे उलटतपासणीत वर्षा-दोन वर्षांनी मागितली जातात. खानदेशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६३ चा खटला नेमका याच प्रश्नावर गाजला: रक्त काढल्यापासून तपासनीसाकडे पोचेपर्यंत ती कुपी कोणाच्या ताब्यात होती याचा पुरावा अभियोगाने दिलेला नव्हता, सत्र न्यायालयाने फेरखटल्याचा हुकूम दिला होता, आणि अभियोगाने ठेवलेली फट बुजवण्यासाठी आरोपीला पुन्हा नव्या खटल्याला उभे करता येणार नाही, असे घटनापीठाने ठरवले. साठ वर्षांपूर्वी स्पष्टपणे दाखवलेली ही फट अजूनही खटल्यांत तशीच सापडते, ही खेदाची बाब आहे.

डॉक्टरच्या डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर न्यायालये किती विसंबतात याचाही एक इतिहास आहे. १९५१ मध्ये मुंबईत एका जीपने पादचाऱ्यांना धडक दिली. चालक बेहराम खुर्शेद पेसिकाका हे स्वतः प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या पदावर होते. तोंडाला दारूचा वास होता, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या, पण बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालता येत होते. मद्यार्कमिश्रित औषध घेतले होते, असा त्यांचा बचाव होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले, कारण जे सेवन झाले ते निषिद्ध प्रकारचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर होती. १९७१ च्या बचूभाई करयानी खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले, की वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्ताची किंवा लघवीची तपासणी नसताना, माणूस मद्याच्या अमलाखाली होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. विमा दाव्याच्या संदर्भात मात्र २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचणी झालेली नसतानाही इतर पुराव्यांवरून तो निष्कर्ष काढण्याची मुभा विमा कंपनीला दिली. तुरुंगात पाठवण्यासाठी लागणारा पुरावा आणि पैसे नाकारण्यासाठी लागणारा पुरावा यांत हा फरक राहणे न्याय्यच आहे. पण त्यातून निघणारा अर्थ असा, की फौजदारी खटल्यात रक्ताच्या कुपीला पर्याय नाही.

कागद भक्कम असतील तर बचावाचे कौशल्य फार काही साधू शकत नाही, हे वांद्र्याच्या कार्टर रोडवरील खटल्याने दाखवले आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मोटारीखाली सात मजूर ठार आणि आठ जखमी झाले. रक्तातील मद्यार्क ०.११२ टक्के होता. कनिष्ठ न्यायालयाने चालकाला केवळ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी धरले होते, तर मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध मानून तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच उपनगरातील २००२ च्या अभिनेता सलमान खान यांच्या खटल्यात मात्र सत्र न्यायालयाने दिलेली पाच वर्षांची शिक्षा १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि तेथे रक्तनमुन्याच्या हाताळणीविषयीच्या शंका हा निकालाचा एक महत्त्वाचा भाग होता. दोन्ही ठिकाणी आरोपीतर्फे नामांकित वकील होते. फरक कशाने पडला याचा विचार करताना वकिलांच्या फीकडे पाहण्याआधी पहिल्या रात्रीच्या नोंदींकडे पाहिले पाहिजे.

माजी अभियोक्ता बचावासाठी कागद हातात घेतो तेव्हा तो याच क्रमाने वाचतो: ठाण्याच्या दैनंदिनीतली वेळ, अटकेची वेळ, वैद्यकीय तपासणीची वेळ, कुपी जमा झाल्याची तारीख, प्रयोगशाळेच्या पोचपावतीची तारीख, मग पंच कोण, ते त्याच ठाण्याच्या हद्दीत वारंवार पंच म्हणून येणारे आहेत काय, आणि यंत्राचे अंशांकन, म्हणजे त्याचा आकडा बरोबर येतो की नाही याची पडताळणी, शेवटची केव्हा झाली. आरोपी प्यायलेला होता की नव्हता, या प्रश्नाला या वाचनात जागाच नसते आणि लोकांना खटकते ते हेच. तथापि विधिज्ञ परिषदेचा नियम असा आहे, की आरोपीच्या दोषाविषयी वकिलाचे स्वतःचे मत काहीही असले तरी त्याने त्याचा बचाव केला पाहिजे; आणि वकीलसंघांनी एखाद्या आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचे ठराव करणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या मोहम्मद रफी निकालात बजावले आहे. त्याच नियमावलीत अभियोक्त्यावरही समान वजनाचे बंधन आहे: निर्दोषाला शिक्षा होईल अशा रीतीने त्याने खटला चालवू नये आणि आरोपीच्या निर्दोषत्वाचा पुरावा दडवू नये. या दोन नियमांतून जाणारा माणूस बाजू बदलताना आपले कर्तव्य बदलतो, मूल्ये बदलतोच असे नाही.

मर्यादा मात्र आहे आणि ती कठोर आहे. एखाद्या प्रकरणात ज्याने एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याच्यातर्फे काम केले, त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहता कामा नये. ही रेषा ओलांडणे म्हणजे काय, ते दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्याने दाखवले. १० जानेवारी १९९९ रोजी लोधी रस्त्यावर सहा माणसे चिरडली गेली. २००७ मध्ये एका वृत्तवाहिनीच्या छुप्या चित्रीकरणात बचावाचे वकील आर. के. आनंद आणि विशेष सरकारी अभियोक्ता आय. यू. खान यांचा एका महत्त्वाच्या साक्षीदाराशी चाललेला व्यवहार समोर आला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आनंद यांची न्यायालयाच्या अवमानाबद्दलची दोषसिद्धी कायम केली, खान यांची रद्द केली, परंतु त्यांचे वर्तन अभियोक्त्याला न शोभणारे असल्याचे कडक शब्दांत नोंदवले. पद सोडून उघडपणे समोरच्या बाकावर बसणारा वकील आणि पदावर असताना समोरच्या बाकाशी संधान बांधणारा वकील यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला दोष देताना समाज दुसऱ्याला नजरेआड करतो, हे घातक आहे.

मृतांच्या घरच्यांना हे विवेचन कोरडे वाटेल, आणि त्यांना तसे वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. २५ फेब्रुवारी २०२४ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरच्या रामझुला या पुलावर मोटारीच्या धडकेने दोन तरुण गेले; सुरुवातीला जामीनपात्र कलम लागले, पुढे सदोष मनुष्यवधाचे कलम वाढवले गेले, आणि शहरात संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी १९ मे रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन संगणक अभियंत्यांचा जीव गेला आणि आरोपीच्या रक्ताचा नमुनाच रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ही प्रकरणे न्यायप्रविष्ट असल्याने त्यांच्या दोषादोषाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. एवढे मात्र नोंदवले पाहिजे, की पीडिताच्या कुटुंबाला अभियोगास साहाय्य करण्यासाठी स्वतःचा वकील नेमता येतो आणि २००९ पासून निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचाही अधिकार आहे. माजी अभियोक्त्याचे ज्ञान येथे जितके उपयोगी पडेल तितके क्वचितच कोठे पडेल. दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच कुटुंबाच्या हाती नेमक्या प्रश्नांची यादी देणारा माणूस तोच असू शकतो. परंतु अशा कामाला फी देण्याची ऐपत रस्त्यावर मरणाऱ्यांच्या घरात सहसा नसते, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी या कामासाठी निवृत्त अभियोक्त्यांचे पॅनेल उभारावे, ही मागणी वकीलसंघानेच पुढे रेटायला हवी.

अभियोक्त्याला पहिल्या रात्रीच्या कागदांपर्यंत पोचवणे हा या प्रश्नाचा गाभा आहे, आणि नव्या कायद्याने तेथे अर्धेच पाऊल टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० मध्ये अभियोग संचालनालयाच्या जबाबदाऱ्या शिक्षेच्या मर्यादेनुसार वाटून दिल्या आहेत: सात ते दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल तपासून छाननी करण्याचे काम उपसंचालकाकडे आहे, तर सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत सहायक संचालकाकडे केवळ खटल्यांवर देखरेख ठेवण्याचे काम आहे. मद्यधुंद वाहनचालनाला सहा महिने आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला पाच वर्षे शिक्षा असल्यामुळे हे दोन्ही गुन्हे छाननीच्या वर्गातून निसटतात. वाहन अपघातात माणूस दगावला आणि चालकाने मद्य घेतल्याचा संशय आहे, एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की सहायक अभियोक्त्याने चोवीस तासांच्या आत वैद्यकीय कागद, कुपीची नोंद आणि वेळा तपासून तपासी अंमलदाराला लेखी त्रुटी कळवाव्यात, असा आदेश राज्य शासनाला परिपत्रकानेही काढता येईल. त्यासाठी कायद्यात दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि नागपूरसारख्या, प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा, दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ एकाच शहरात असलेल्या ठिकाणी तो प्रथम अमलात आणणे सर्वांत सोपे आहे.